झाकणाला हात लावायचा न्हाई

तपासणी समिती यायला तीन दिवस उरले होते आणि उदगीरच्या त्या कॉलेजात सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. भिंतींना चुना झाला, झाडांच्या बुंध्यांना गेरू झाला, गळके नळ बदलून झाले. सोमवारी सकाळी प्राचार्य अर्जुनरावांचा हुकूम सुटला की जिन्याशेजारची जुनी भांडारखोली आजच्या आज मोकळी झाली पाहिजे. तिथं फुटकी बाकडी होती, मोडके सूक्ष्मदर्शक होते आणि कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं. त्या कपाटाची किल्ली कधी हरवली हे कुणालाच आठवत नव्हतं.

खोलीची जबाबदारी दानम्माची. दानम्मा प्रयोगशाळेत परिचर होती. नवरा रेवणसिद्ध याच कॉलेजात त्याच कामावर होता. तो अटॅकनं अचानक गेला आणि त्याच्या जागी तिला घेतलं. त्याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा तिचं शिक्षण सातवी. काम काय, तर बाटल्या धुवायच्या, टेबलं पुसायची, पोरांनी फोडलेल्या नळ्या गोळा करायच्या.

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात कुणीतरी तिला सांगितलं, "बाई, ते ॲसिड जरा पातळ करून ठेवा." तिनं आमटीत घालावं तसं ॲसिडमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. ॲसिड उकळून वर उडालं आणि उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलली. ॲसिड पाण्यात थेंब थेंब घालायचं असतं, पाणी ॲसिडात नाही, हे तिला दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं. कॉलेजातल्या कुणी सांगितलंच नव्हतं.

हात बरा झाल्यावर दानम्मानं शंभर पानी वही घेतली. हातात येईल ती बाटली घेऊन ती ज्याच्यात्याच्यापुढं उभी राहायची. "सर, ह्ये काय हाय? ह्ये काय करतं?" बरेच जण हसायचे. एकटे नरसिंग सर हसले नाहीत. ते जीवशास्त्राचे प्रयोग घ्यायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी रोज दुपारी डबा खाऊन झाला की तिला एक बाटली समजावून सांगितली. दानम्मा आपल्या भाषेत उतरवून घ्यायची. पुढं मुलगी सुकन्या लातूरला नर्सिंगला गेली, तिनं आईला इंग्रजी अक्षरं जुळवायला शिकवली, तेव्हा लेबलंही वाचता येऊ लागली. वही भरली, दुसरी घेतली. तिच्या त्या वह्या कुणी कधी उघडून पाहिल्या नव्हत्या.

सोमवारी अकराच्या सुमाराला भंगारवाला लिंबाजी टेम्पो घेऊन आला. पन्नाशीचा गडी, दंडात बळ आणि तोंडात सतत गाणं. बाकडी आणि पत्रे बाहेर काढून झाल्यावर त्यानं कपाटाच्या फटीत पहार घातली आणि दानम्मा "हळू, हळू" म्हणेपर्यंत दार करकरत उघडलंसुद्धा. आतून जुन्या औषधांचा वास आला. वरच्या खणात बेडूक आणि साप भरलेल्या बरण्या. खालच्या खणात तपकिरी बाटल्या, धुळीनं सगळ्या एकाच रंगाच्या झालेल्या.

"चला, पोत्यात घालू," म्हणत लिंबाजी वाकला आणि मागच्या एका बाटलीकडं त्यानं हात नेला.

दानम्माच्या हातात बॅटरी होती. तिचा उजेड त्या बाटलीच्या झाकणावर पडला. झाकण पत्र्याचं. त्याच्या कडेनं, भिंतीला लोणा लागतो तशी, पिवळी खडी फुटलेली. खाली कसरीनं खाल्लेलं लेबल. तिनं अक्षरं जुळवली. पि... क्रि... क. खाली साल होतं, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.

"लिंबाजी, हात माघारी घ्या!"

आवाज एवढा करडा होता की लिंबाजीचा हात हवेतच थबकला. "काय झालं अक्का? इच्चू हाय का?"

"इच्चू असता तर बरं झालं असतं. हळूच उभं ऱ्हावा. कपाटाला धक्का लावू नका. आता माझ्यामागं बाहेर या."

बाहेर आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते टेम्पोचं इंजिन बंद करायला लावण्याचं. टेम्पो दारालाच लागलेला होता आणि खोलीची फरशी त्यानं थरथरत होती. मग तिनं कपाळावरचा घाम पुसला. नरसिंग सरांनी सांगितलेलं तिला शब्दन् शब्द पाठ होतं आणि वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'पिक्रिक. पिवळं. बाटलीत पाणी असलं तर गरीब. पाणी वाळलं तर बॉम्ब. धक्का न्हाई, घासणं न्हाई, ऊन न्हाई. पत्र्याचं झाकण असलं तर आनखी वंगाळ. झाकणाच्या आट्यांत खडे बसत्यात, झाकण फिरवलं की तेच घासत्यात. झाकणाला हात लावायचा न्हाई.'

तिनं रसायनशास्त्राचे विभागप्रमुख उमाशंकर सर यांना बोलावलं. सर तरुण, पीएचडी झालेले, कॉलेजात येऊन दोन वर्षं झालेली. त्यांचं सगळं संशोधन संगणकावरचं. ते घाईनं आले, कारण वरच्या मजल्यावर बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि बाहेरचे परीक्षक बसलेले होते.

"एवढंच ना दानम्माबाई? जुनं पिक्रिक ॲसिड," ते दारातून डोकावत म्हणाले. "झाकण उघडू, पाणी घालू आणि बेसिनमध्ये ओतून टाकू. पाच मिनिटांचं काम."

ते आत पाऊल टाकणार तोच दानम्मा दारात आडवी उभी राहिली.

"सर, झाकण उघडायचं न्हाई."

"अहो, आत ओल आहे की नाही ते बघावं लागेल ना?"

"बाहेर खडे दिसायलेत सर. ओल असती तर बाहेर खडे आले नसते. आन् बेसिनाच्या नळीत ओतलं तर नळीतबी त्येच खडे होणार. मग कधी पलंबर पाना घेऊन आला की त्याच्या हातात फुटंल."

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"नरसिंग सरांनी. वहीत लिवलंय."

उमाशंकर सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण पुरतं आलं नाही. ते थोडे मागं सरले. "मी प्राचार्यांना विचारतो," म्हणून ते गेले.

प्राचार्य अर्जुनराव मनानं वाईट नव्हते. पण त्या आठवड्यात त्यांना समितीशिवाय काही दिसत नव्हतं. आले तेच चिडून.

"बाई, कसला बॉम्ब? पेपरात काय छापून येईल कळतंय का? तीन दिवसांवर तपासणी आहे! लिंबाजी, ती बाटली गोणीत गुंडाळ आणि गावाबाहेरच्या खदानीत फेकून दे. विषय संपला."

लिंबाजीनं दानम्माकडं पाहिलं. दानम्मानं मान हलवली. लिंबाजी टेम्पोला टेकून उभाच राहिला. "म्या न्हाई उचलत साहेब. अक्का न्हाई म्हणाली."

"मग दुसऱ्या कुणाला तरी सांगतो. बाई, बाजूला व्हा."

चौदा वर्षांत दानम्मानं या माणसापुढं आवाज चढवला नव्हता. याच माणसाच्या सहीनं तिच्या घरात चूल पेटत होती. पण तिच्या डोक्यावर, बरोब्बर त्या खोलीच्या वर, प्रयोगशाळेत साठ पोरं-पोरी उभ्या होत्या. त्यांची पावलं छतातून ऐकू येत होती.

"सर, वर किती लेकरं हायत?" ती म्हणाली.

"त्याचा इथं काय संबंध?"

"साठ हायत. सकाळी म्या हजेरीचे कागद मांडले. ह्यातली एक जरी आंधळी झाली, तर तुमी तिच्या आईला काय सांगणार? की समिती येणार हुती?"

अर्जुनराव काही बोलायच्या आत तिनं खोलीचं दार हलक्या हातानं ओढलं. कुलूप लावताना कडी वाजू नये म्हणून पदर मध्ये धरला. किल्ली कमरेला खोचली आणि तरातरा व्हरांडा ओलांडून ती घंटेपाशी गेली.

त्या कॉलेजात विजेची घंटा होती, पण ती सारखी बिघडायची म्हणून जुनी पितळी थाळी अजून टांगलेली होती. दानम्मानं हातोडी घेतली आणि थाळीवर हाणायला सुरुवात केली. तासाचे टोल असतात तसे मोजून नव्हे. एकामागं एक, श्वास न घेता, दंड भरून येईपर्यंत. शेजारच्या गल्लीतली माणसं गच्चीवर आली. वर्गांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"समदे खाली या! मैदानावर या! पळू नका, ढकलू नका, पुढच्या जिन्यानं येऊ नका, मागच्या जिन्यानं या!"

मुलांनी कारण विचारलं नाही. दानम्मा मावशी कधी ओरडत नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि तेच कारण पुरलं. परीक्षक हातात गुणपत्रिका धरून खाली आले. दहा मिनिटांत इमारत रिकामी झाली आणि मैदान भरलं.

मग दानम्मानं कडुलिंबाखाली उभं राहून मोबाइलवर एकशे बारा लावला.

"उदगीरहून बोलायलेय. कॉलेजात स्फोटक सापडलंय... न्हाई, कुणी आणून ठिवलं न्हाई. आमचंच हाय. पस्तीस-छत्तीस वर्सं झाली, आमच्याच कपाटात हाय... न्हाई, हात लावला न्हाई... इमारत मोकळी केली. तुमी पथक पाठवा, फौरन पाठवा."

अर्जुनराव लाल होऊन मैदानावर आले. "दानम्माबाई, तुम्हाला निलंबित करायला मला एक कागद पुरेल! परीक्षा बंद पाडली तुम्ही! कुणाच्या अधिकारात?"

अधिकार दानम्माकडं नव्हताच. तिच्याकडं फक्त किल्ली होती, म्हणून तिनं ती मुठीत आणखी आवळली.

तेवढ्यात उमाशंकर सर पुढं आले. इतका वेळ ते भिंतीशी उभे राहून फोनमध्ये काहीतरी वाचत होते. चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"सर," ते प्राचार्यांना म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. मी आता वाचलं. प्रत्येक ठिकाणी तेच लिहिलंय. वाळलं असेल तर हात लावू नका, झाकण उघडू नका, इमारत रिकामी करा, पथक बोलवा." त्यांनी फोन खिशात घातला. "मी ते झाकण फिरवणार होतो सर. बाई दारात उभ्या राहिल्या नसत्या तर मी फिरवलं असतं."

अर्जुनरावांनी इमारतीकडं पाहिलं, मुलांकडं पाहिलं आणि कडुलिंबाच्या पारावर मटकन बसले.

लातूरहून बॉम्बशोधक पथकाची गाडी यायला पावणेदोन तास लागले. तोवर लिंबाजीनं फाटकावर आपला टेम्पो आडवा घातला आणि आत कुणालाही सोडलं नाही, आमदाराच्या माणसालाही नाही. गाडीतून उतरली ती चाळिशीच्या आतली, दणकट बांध्याची बाई. उपनिरीक्षक अयोध्या केंद्रे.

"बाटली कुणी पाहिली?" तिनं विचारलं. प्राचार्य उठले, उमाशंकर सर सरसावले. मग दोघांनीही एकदम दानम्माकडं बोट केलं.

अयोध्याबाईंनी तिला गाडीच्या बॉनेटपाशी नेलं. "सगळं सांगा. सावकाश."

दानम्मानं सांगितलं. कपाट कोणत्या भिंतीला, खण कितवा, बाटली डावीकडून चौथी, मागच्या रांगेत. पुढं फॉर्मॅलिनच्या दोन बाटल्या, त्या अगोदर काढाव्या लागतील. उजवीकडं एक रिकामी काचेची तबकडी तिरकी टेकलेली, ती सरकली तर बाटलीवर पडेल. झाकण पत्र्याचं. खडे झाकणाच्या कडेला, खाली खणावर तीन-चार सांडलेले. दार पहारीनं उघडलं तेव्हा धक्का बसला होता, हेही तिनं लपवलं नाही. मग कागद मागून चित्र काढून दिलं.

अयोध्याबाई त्या चित्राकडं बघत राहिल्या. "तुम्ही केमिस्ट्रीच्या मॅडम का?"

"न्हाई बाई. म्या परिचर हाय. बाटल्या धुते."

"बाटल्या धुताना एवढं बघता?"

"न बघता धुतल्या की हात जातो," दानम्मा म्हणाली.

पथकातला जवान जाडजूड पोशाख चढवून आत गेला. तास गेला. मैदानावरच्या पोरी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. दानम्माच्या मनात एकच भीती होती, आणि ती स्फोटाची नव्हती. समजा ते काही नसलंच? समजा पिवळी खडी म्हणजे नुसतं गंधक निघालं? मग निलंबनाचा कागद, आणि त्याहून वाईट म्हणजे, पुढं कुणी परिचर 'थांबा' म्हणाला तर त्याला सगळे हसतील. तिनं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

जवान बाहेर आला तेव्हा दोन्ही हातांत लांब दांडीचा चिमटा आणि पुढं वाळू भरलेली पेटी. पावलं अशी टाकत होता जणू पेटीत झोपलेलं तान्हं आहे. पेटी खास गाडीत ठेवली गेली आणि गाडी चालण्याच्या वेगानं गावाबाहेरच्या माळाकडं निघाली. मागं अंतर ठेवून पोलिसांची गाडी. अयोध्याबाईंनी तिचं दार उघडलं. "दानम्माबाई, बसा. तुमची बाटली आहे, शेवट बघा."

माळावर खड्डा खणलेला होता. चारी बाजूंनी वाळूची पोती लावली, वायर ओढली. सगळे दोन-अडीचशे पावलं मागं, बांधाआड. अर्जुनराव आणि उमाशंकर सरही पाठोपाठ आले होते.

"कान झाका," अयोध्याबाई म्हणाल्या.

आधी जमीन हलली, मग आवाज आला. दिवाळीचा नव्हे, पोटात शिरणारा आवाज. वाळूची पोती चिंध्या होऊन उडाली. माळावरचे तितर भुर्र करून उठले आणि काळसर धुराचा लोट सरळ वर चढला.

"आम्ही लावलेला दारूगोळा बोटभर होता," अयोध्याबाई म्हणाल्या. "बाकी सगळं तुमच्या बाटलीचं."

दानम्मा बांधाला टेकून बसली आणि हसू लागली. हसता हसता रडली, पदर तोंडाला लावला, परत हसली. इतक्या वर्षांची ती वही, दुपारचे ते धडे, लोकांचं ते 'बाई, तुम्हाला काय करायचंय' हे सगळं त्या धुराबरोबर वर गेल्यासारखं तिला वाटलं.

अर्जुनराव खड्ड्याच्या कडेला जाऊन आले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई," ते म्हणाले, "मी हे खदानीत फेकायला सांगितलं होतं. टेम्पोत, खडीच्या रस्त्यानं."

"हाव सर."

"मी तुम्हाला काय म्हणू?"

"काय म्हणू नका सर. समिती आली की त्यांना सांगा, आमच्यात एक कपाट हुतं. खोटं सांगू नका."

आणि त्यांनी सांगितलं, हेही खरं. पण त्याअगोदर कॉलेजात परतल्यावर जे झालं ते उदगीरकर अजून सांगतात. स्फोटाचा आवाज गावात ऐकू गेला होता. घरी जायला सांगूनही पोरं गेली नव्हती. पोलिसांच्या गाडीतून दानम्मा उतरली आणि साठच्या साठ परीक्षार्थी तिच्याभोवती गोळा झाले. कुणी पाया पडलं, कुणी गळ्यात पडलं. एका पोरीनं तर तिचा हात धरून हवेत उंच केला, कुस्ती जिंकल्यावर पंच करतो तसा. लिंबाजी टेम्पोच्या टपावर चढून ताडपत्री झेंड्यासारखी फिरवत होता. "आमची अक्का! आमची अक्का!" परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. वर्ष कुणाचंच वाया गेलं नाही.

आठवडाभरात फोन सुरू झाले. अहमदपूरहून, देवणीहून, निलंग्याहून, थेट नांदेडच्या एका शाळेतून. "बाई, आमच्यातबी एक जुनं कपाट हाय. तुमी एकदा येऊन बघाल का?" शिक्षण खात्यानं पत्र काढलं आणि दानम्मा जीपमध्ये बसून गावोगाव जाऊ लागली, सोबत उमाशंकर सर. ते आता यादी लिहायचे आणि ती सांगायची. नियम तिचे होते. अगोदर माणसं बाहेर. मग चष्मा आणि हातमोजे. मग नुसती नजर, हात नाही. एका ठिकाणी ईथरचा जुना डबा सापडला. ईथरही जुनं झालं की फुटतं, म्हणून तोही न उघडता पथकाच्या ताब्यात दिला. एका ठिकाणी सगळं स्वच्छ, नावं-तारखा घातलेलं निघालं. तिथल्या परिचर बाईंना दानम्मानं सगळ्यांदेखत शाबासकी दिली.

मार्चच्या शेवटी ती चाकूरला गेली. तिथला परिचर ग्यानोबा दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. त्यानं अदबीनं भांडार उघडून दिलं आणि म्हणाला, "बाई, उगंच आलाव तुमी. तीस साल झाले, म्या रोज ह्या कपाटाला पाठ लावून डबा खातो. काय बी झालं न्हाई."

दानम्मानं दारातूनच बॅटरी टाकली. दुसऱ्या खणात, मागच्या रांगेत, तपकिरी बाटली होती आणि गळ्याशी पिवळी कड.

ती मागं वळली. ग्यानोबाचा दंड धरून तिनं त्याला हळूहळू व्हरांड्यातून, पायऱ्यांवरून, मैदान ओलांडून पार चिंचेखाली आणलं. तिथं पोचल्यावर तिनं काय पाहिलं ते सांगितलं. म्हातारा नुसताच आपल्या पाठीवर हात फिरवत राहिला, पाठ जागेवर आहे का ते बघितल्यासारखा.

उमाशंकर सरांनी इमारत मोकळी केली आणि पथकाला फोन लावला. अयोध्याबाई ओळखीच्या आवाजात म्हणाल्या, तासाभरात पोचतो.

"मग तासभर काय करावं?" ग्यानोबानं विचारलं.

"डबा कुठंय तुमचा?"

"हा काय, हातातच राहिला."

"काढा की मग," दानम्मा म्हणाली आणि ऐसपैस मांडी घालून बसली. ग्यानोबानं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, तिळाची चटणी, कांदा. मुलं लांब कुंपणापाशी गलका करत होती, वारं सुटलं होतं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच ग्यानोबा उघड्यावर, झाडाला पाठ लावून जेवला. त्यानं भाकरीचा अर्धा तुकडा मोडून दानम्माच्या हातावर ठेवला.

"घ्या बाई," तो म्हणाला. "लई दिवस जगायचंय आता."